संत गोन्सालोंची वळणाची वाट

फेब्रुवारीचा पहिला आठवडा आला की वसईच्या धर्मग्रामांतून संत गोन्सालो गार्सिया यांचे स्मरण होते. त्या दिवशीचे प्रवचन बहुधा ठरल्यासारखे असते. वसईच्या मातीत जन्मलेला हा सुपुत्र सातासमुद्रापलीकडे जपानात गेला आणि प्रभूसाठी क्रुसावर मरण पावला. जन्म आणि मरण ही दोन टोके पक्की धरून मधली चाळीस वर्षे आपण दोन वाक्यांत ओलांडतो. त्यामुळे ऐकणाऱ्या मुलांची अशी समजूत होते की, धनुष्यातून सुटलेला बाण जसा लक्ष्यावर जाऊन थांबतो, तसे या संताचे आयुष्य सरळ गेले असावे. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. ते जीवन वळणावळणाचे होते आणि त्यातील निदान एक वळण असे होते की, आजच्या एखाद्या घरात ते आले असते तर आईबापांनी शेजाऱ्यांपुढे मान खाली घातली असती.

गोन्सालोंचा जन्म सुमारे १५५६ साली वसईत झाला. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याकडून १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हाती आली होती. म्हणजे या राजवटीला तेव्हा जेमतेम वीस-बावीस वर्षे झाली होती. वडील पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच. किल्ल्यात येशूसंघीयांची शाळा होती आणि तिथे या मुलाचे शिक्षण झाले. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली जपानच्या किनाऱ्यावर उतरले होते. त्यानंतर त्या देशाहून येणारी पत्रे येशूसंघाच्या घराघरांतून मोठ्या उत्सुकतेने वाचली जात. अशा वातावरणात वाढलेल्या मुलाला जपानची ओढ लागली यात नवल नाही. १५७२ च्या सुमारास, पंधरा-सोळा वर्षांच्या वयात, तो मिशनऱ्यांबरोबर गलबतावर चढला.

गोवा, मलाक्का, मकाव आणि मग जपान असा तो प्रवास होता. वारे अनुकूल होईपर्यंत बंदरात महिनोन्महिने मुक्काम करावा लागे. इथे एक गोष्ट सहज लक्षात येते. नागासाकीचे बंदर पोर्तुगीज व्यापारासाठी १५७१ साली खुले झाले आणि त्याच वर्षी स्पॅनिश लोकांनी मनिला ही आपली राजधानी केली. ज्या दोन नगरांत गोन्सालोंच्या जीवनाचा निकाल लागायचा होता, ती दोन्ही, ते वसई सोडत होते तेव्हा, नुकतीच कुठे आकाराला येत होती.

जपानमध्ये त्यांनी येशूसंघीयांबरोबर धर्मशिक्षक म्हणून सुमारे दहा वर्षे काम केले. जपानी भाषा त्यांनी लवकर आत्मसात केली. ती भाषा किती अवघड! बोलणारा कोण, ऐकणारा कोण, कोणाचा मान किती, यावर तिची क्रियापदे बदलतात. मुले, कोळी, शेतकरी, सरदार यांच्याशी त्यांच्या त्यांच्या मानाप्रमाणे बोलणे या वसईच्या तरुणाला जमले आणि लोकांचा त्याच्यावर जीव जडला. त्याच्या मनात एकच होते, येशूसंघात प्रवेश मिळावा. तो मिळाला नाही.

या नकाराच्या कारणांविषयी चरित्रकारांनी पुष्कळ लिहिले आहे. कुणी त्यात वंशाचा विचार पाहतात, कुणी त्या काळातील वरिष्ठांची सावधगिरी. त्या वादात मी शिरत नाही. नकार मिळालेल्या माणसाला कारण कळले तरी दुःख कमी होत नाही. दहा वर्षे ज्या दाराशी सेवा केली, ते दार बंद राहिले. वय पंचविशीच्या पुढे. घर हजारो कोसांवर. १५८२ च्या सुमारास गोन्सालोंनी मिशन सोडले आणि ते व्यापारात पडले.

आपल्या प्रवचनांतून ही व्यापाराची वर्षे घाईने उरकली जातात. जणू संताच्या चरित्रावर तो एक डाग आहे. मला हे पटत नाही. गोन्सालोंनी प्रामाणिकपणे धंदा केला, तो भरभराटीला आणला, पूर्वेकडील बंदरांतून त्यांची ये-जा सुरू झाली. प्रापंचिक माणसाने कष्टाने व्यवसाय उभारणे हे काही देवाकडे पाठ फिरवणे नव्हे. आपल्या वाडवडिलांनी केळीच्या बागा लावल्या, पानवेली जोपासल्या, पहाटेच्या गाडीने भाजी-फुले मुंबईच्या बाजारात पोहोचवली आणि त्याच हातांनी जपमाळही ओढली. गोन्सालोंच्या व्यापाराकडेही त्याच नजरेने पाहावे.

या ठिकाणी थोडे थांबून आपल्या घरांविषयी बोलले पाहिजे. एखादा मुलगा गुरुविद्यालयात दाखल होतो. निरोपाच्या दिवशी सारा पाडा गोळा होतो, हार घातले जातात, फोटो काढले जातात. तीन-चार वर्षांनी तो परत येतो. कधी स्वतःच्या निर्णयाने, कधी वरिष्ठांच्या. मग त्याच पाड्यात कुजबूज सुरू होते. “सोडून आला” हे दोन शब्द त्याला पुढे लग्न ठरेपर्यंत आणि कधीकधी त्यानंतरही चिकटून राहतात. आई मिस्साला मागच्या बाकावर बसू लागते. कॉन्व्हेंटमधून परत आलेल्या मुलीची अवस्था तर याहून बिकट. हे मी अनेक धर्मग्रामांत पाहिले आहे आणि दरवेळी मला वाटते की, ज्या गोन्सालोंच्या नावाने आपण गास येथे चर्च बांधले, वसईत महाविद्यालय उभे केले, त्यांना आपण नीट वाचलेलेच नाही. १५८२ साली वसईत कुणी त्यांच्याविषयी बोलत असेल, तर तेही हेच बोलत असणार.

ज्या संस्थेने त्यांना घेतले नाही तिचे संस्थापक संत इग्नेशियस यांचीही अशीच एक कथा आहे. १५२३ साली ते जेरुसलेमला पोहोचले. उरलेले आयुष्य प्रभूच्या भूमीत घालवायचे असा त्यांचा पक्का निश्चय होता. तिथल्या पवित्र स्थळांची देखभाल करणाऱ्या फ्रान्सिस्कन वरिष्ठांनी त्यांना राहू दिले नाही, परत पाठवले. तिथून माघारी येऊन तिशी ओलांडलेला हा गृहस्थ लहान मुलांबरोबर लॅटिन शिकायला बसला आणि पुढे येशूसंघ उभा राहिला. फ्रान्सिस्कनांनी परत पाठवलेला माणूस येशूसंघाचा संस्थापक झाला आणि येशूसंघाने न घेतलेला माणूस फ्रान्सिस्कन संत झाला! प्रेषितांच्या कृत्यांतही संत पौलाला आशिया आणि बिथुनिया या दोन्ही प्रांतांची वाट पवित्र आत्म्याने अडवल्याचे आपण वाचतो. पुढे समुद्राकाठच्या त्रोवस नगरात येईपर्यंत, आपण कुठे निघालो आहोत हे त्यालाही ठाऊक नव्हते.

मनिलात गोन्सालोंचा फ्रान्सिस्कन बंधूंशी परिचय झाला. हे बंधू तिथे १५७८ मध्ये आले होते. अनवाणी राहत, भिक्षेवर जगत आणि कुष्ठरोग्यांची सेवा करीत. यशस्वी व्यापाऱ्याला त्यांच्या दारिद्र्याची भुरळ पडावी यात देवाची करणी मला दिसते. धंदा आवरून, संपत्ती वाटून, त्यांनी सहायक बंधू म्हणून प्रवेश घेतला आणि १५८८ मध्ये व्रते घेतली. सहायक बंधू म्हणजे धर्मगुरू नव्हे. वेदी नाही, प्रवचनपीठ नाही. स्वयंपाकघर, बाग आणि आजाऱ्यांची खाट हे त्यांचे क्षेत्र. जपानचे स्वप्न आता संपल्यातच जमा होते. ते स्वप्न पुन्हा उघडले ते राजकारणामुळे.

जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५८७ मध्ये मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. तो काटेकोर अमलात आला नाही, पण टांगती तलवार राहिली. पुढे हिदेयोशीने फिलिपीन्सकडून मांडलिकत्वाची मागणी केली. मनिलाच्या गव्हर्नरने १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांना वकील म्हणून धाडले. वकिलाला जपानी येत नव्हते. दुभाषी हवा होता आणि तो मठातच होता. क्युशू बेटावरील नागोया येथे, जिथून हिदेयोशी कोरियावरील स्वारी चालवीत होता, त्या छावणीत वसईचे बंधू गोन्सालो दोन सत्तांमध्ये उभे राहिले. अशा दरबारात मानाचा एक शब्द चुकला तर शिष्टमंडळाची मुंडकी उडण्याची भीती. ती अवघड क्रियापदे त्यांनी पूर्वीच, एका न मिळालेल्या पाचारणाच्या वाटेवर शिकून ठेवली होती.

आपल्याला कथेचा शेवट ठाऊक असल्यामुळे हे सारे सुसूत्र दिसते. गोन्सालोंना तो ठाऊक नव्हता. मनिलाच्या मठात आजाऱ्यांचे भांडे धुताना, आपले जपानी कधी कामी येईल असे त्यांना कुणी सांगितले नव्हते. देवाच्या इच्छेवर विसंबणे म्हणजे पुढचे दिसणे, असा आपला गैरसमज असतो. दुसरा गैरसमज याच्या उलट टोकाचा, “असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी” या म्हणीतला. गोन्सालो खाटेवर पडून राहिले नाहीत. त्यांनी अर्ज केला, नकार पचवला, धंदा केला, तो सोडला, आणि प्रत्येक ठिकाणी समोरचे काम मन लावून केले.

हिदेयोशीने राहण्याची परवानगी दिली. क्योतो येथे चर्च झाले, कुष्ठरोग्यांसाठी दोन रुग्णालये उभी राहिली. या काळातील एक अप्रिय गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८५ मध्ये जपानचे मिशनकार्य केवळ येशूसंघाकडे सोपवले होते. त्यामुळे फ्रान्सिस्कनांच्या आगमनावरून दोन्ही संस्थांत कडवट वाद झाला. दोन्ही बाजूंची पत्रे वाचताना आजही मन खिन्न होते. गोन्सालो तर दोघांनाही जवळून ओळखत होते!

ऑक्टोबर १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे मालाने भरलेले स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्याला लागले. माल जप्त झाला. जहाजाच्या नावाड्याने स्पेनच्या सत्तेची बढाई मारली आणि मिशनऱ्यांमागून सैन्य येते असे सुचवले, असे सांगतात. हे खरे की माल गिळण्यासाठी शोधलेले निमित्त, यावर वाद आहे. त्याच जहाजावर मेक्सिकोचे फेलिपे दे हेसूस हे तरुण फ्रान्सिस्कन होते. त्यांनीही एकदा मठ सोडला होता, मनिलात व्यापार केला होता, पुन्हा मठात परतले होते आणि आता गुरुदीक्षेसाठी मायदेशी निघाले होते. वादळाने त्यांना दीक्षेऐवजी क्रुसाकडे नेले. दोन परतून आलेले पुरुष, एक वसईचा, एक मेक्सिकोचा, एकाच साखळीत बांधले गेले.

डिसेंबरमध्ये घरांभोवती पहारे बसले. जानेवारी १५९७ च्या आरंभी क्योतोत चोवीस जणांच्या डाव्या कानाची पाळी कापून त्यांना शहरभर फिरवले आणि ऐन हिवाळ्यात सुमारे आठशे किलोमीटर दूर नागासाकीला चालवत नेले. वाटेत त्यांची सेवा करणारे दोघे त्यांच्यात सामील केले गेले. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक, त्यांतील सर्वांत धाकटा बारा वर्षांचा. ५ फेब्रुवारीच्या सकाळी निशिझाका टेकडीच्या पायथ्याशी योहान सोआन आणि वृद्ध याकोब किसाई या दोघांनी येशूसंघाची व्रते घेतली. ज्या दारावर गोन्सालो दहा वर्षे थांबले होते, ते या दोघांसाठी अखेरच्या सकाळी उघडले. फ्रान्सिस्कन झग्यातले गोन्सालो त्या वेळी जवळच होते.

परंपरा सांगते की, टेकडीवर पोहोचताच ते एका क्रुसाकडे गेले आणि हाच आपला का, असे त्यांनी विचारले. तो त्यांचा नव्हता. मग त्यांना दुसरा दाखवण्यात आला. गुडघे टेकून त्यांनी त्याला मिठी मारली. दोन बाजूंनी भाल्यांनी भोसकून त्यांचा अंत केला गेला. वय सुमारे चाळीस.

या सव्वीस जणांना १६२७ मध्ये धन्यवादित आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संत घोषित केले. भारतात जन्मलेले पहिले संत आपल्या वसईचे ठरले. यानंतर थोड्याच काळात फ्रेंच मिशनऱ्यांनी नागासाकीच्या ओउरा भागात चर्च बांधले आणि ते या सव्वीस रक्तसाक्ष्यांना अर्पण केले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावचे काही स्त्री-पुरुष त्या चर्चच्या दाराशी आले. आत फादर पेतिज्याँ प्रार्थना करीत होते. आपली श्रद्धा तुमच्यासारखीच आहे, असे त्यांनी हळूच सांगितले आणि पवित्र मरियेची मूर्ती कुठे आहे असे विचारले. अडीचशे वर्षे धर्मगुरूवाचून, मिस्सावाचून, पुढे काय होणार हे ठाऊक नसताना, त्यांच्या घरांतून बाप्तिस्मा आणि प्रार्थना आईबापांकडून मुलांकडे येत राहिली होती.