खडकांवरचं व्याज

मालवणला सिंधुदुर्गाजवळच्या उथळ पाण्यात हल्ली कुटुंबंच्या कुटुंबं तोंडात नळी धरून मासे बघत तरंगत असतात. घरातली चार माणसं एकाच वेळी गप्प आहेत, हे दृश्य मी तरी फक्त इथंच पाहिलं!

ह्या निवांतपणाचा खातेउतारा काढला, तर पहिली नोंद निघते २५ नोव्हेंबर १६६४ ची. त्या दिवशी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला. जागा निवडली ती देखावा पाहून नव्हे. भोवती पाण्याखाली दडलेले खडक. वाट ठाऊक नसलेल्या गलबताचा तळ फुटलाच म्हणून समजा. पायात शिसं ओतलं आणि १६६७ मध्ये किल्ला पुरा झाला. आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी : दूधबाव, दहीबाव, साखरबाव. नावं ऐकून श्रीखंडाचाच बेत वाटावा! १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याचं 'फोर्ट ऑगस्टस' असं बारसं केलं. नाव गेलं, खडक राहिले.

तेच खडक आज लाटा अडवतात. त्यांच्या आडोशाला प्रवाळ वाढतं, प्रवाळात मासे राहतात. ज्यांनी शत्रूला धाक घातला, ते आता आपली पोरं सांभाळतात. १९८७ मध्ये इथं सागरी अभयारण्य जाहीर झालं खरं, पण प्रवाळावर उभं राहून फोटो काढून घेणारे महाभाग आहेतच. प्रवाळ वाढायला वर्षानुवर्षं लागतात, मोडायला एक पाय पुरतो.

मी पडलो बँकेतला कारकून. एवढंच सांगतो : व्याज खुशाल खा, मुद्दलावर पाय देऊ नका.