रावणाचा टेंभेवाला

आजीच्या तोंडी सनावळी नव्हती. काळ ती बोहाड्यांवरून मोजायची. देवीची साथ आली त्या सालचा बोहाडा, पटकीच्या आदल्या सालचा, रावणाचं एक तोंड फुटलं त्या सालचा. मोखाडा-जव्हारच्या आमच्या मुलखात होळी झाली की पावसाच्या तोंडापर्यंत गावोगाव मुखवट्यांची सोंगं नाचतात, तोच बोहाडा. सुरगाण्याकडं यालाच भवाडा म्हणतात. संबळ-पिपाणीवर आधी गणपती येतो, मग शारदा, आणि मग रात्रभर नरसिंह, त्राटिका, वेताळ. प्रत्येकाची चाल निराळी, ताल निराळा. शेवटी देवी येते आणि महिषासुराला मारते.

आमच्या घराकडं रावणाचा मान. वर्षभर त्याचा मुखवटा माळ्यावर फडक्यात गुंडाळलेला असायचा. मी लहानपणी एकदा "आपला रावण" म्हणालो तर आजी म्हणाली, "आपला कुठला? गावाचा हाय. आपुन नुसतं डोकं देतो."

घरात कुणी अंथरुणाला खिळलं की भगत तांदळाचे दाणे टाकून बघायचा आणि मग नवस व्हायचा: जीव वाचला तर सोंग नाचवीन. दुखणं एकाचं असलं तरी फेडीला सगळं गाव जागं राहायचं. आजीच्या धाकट्या भावाचा नवस असाच फेडला. तो देवीतून उठला, तोंडावर वण राहिले. वण पडलेल्या पोराला मुली बुजायच्या, पण त्या वर्षी त्यानंच वेताळ नाचवला आणि त्यानंतर त्याला कुणी बुजलं नाही, असं ती सांगायची. भारतातून देवी 1975 नंतर हद्दपार झाली ती लशीनं, सोंगानं नव्हे. वण घेऊन जगणाऱ्याला माणसांत परत आणायचं काम मात्र लशीचं नव्हतंच.

तिचा बाप लग्नगडी होता. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले आणि ते फेडायला नवरा-बायको दोघंही त्याच्या शेतावर राबत राहिली. बोहाड्याच्या रात्री तोच सावकार पुढं बसायचा आणि रावण समोर आला की उठून हात जोडायचा. रावणाखाली आपला गडी आहे हे त्याला पक्कं ठाऊक असायचं. आजी हे सांगताना हसायची. मला यात बंड दिसायचं. आता तसं म्हणवत नाही, कारण सकाळी सोंग उतरवून तिचा बाप त्याच्याच बांधावर जायचा. वेठ मोडली ती डहाणू-उंबरगावकडं 1945 साली किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांबरोबर वारली माणसं उभी राहिली तेव्हा. तलवाड्याला त्यासाठी गोळ्याही खाल्ल्या. बोहाड्यानं भूकही भागवली नाही. 1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं पोरं गेली, ती सोंगं नाचणाऱ्या मुलखातच.

मग बोहाडा करतो काय? मी शहरातल्या एका मोठ्या सभागृहात तो पाहिला, दहा मिनिटांचा. उजेड झकास होता, सोंगं नवी होती. नाचणारे मात्र सारखे बावरून मागं बघत होते. गावात देऊळ कुठं, पार कुठं, कुणाच्या ओट्यासमोर थांबून किती नाचायचं, हे पायांना माहीत असतं. तिथं पायांना काहीच माहीत नव्हतं.

रावण दहा तोंडांचा. ते ओझं डोक्यावर घेतलं की भोकांतून समोरची हातभर जमीनही धड दिसत नाही. म्हणून आमच्याकडं टेंभेवाला त्याच्यापुढं उलटा चालतो. दगड, उतार, गटार तोच सांगतो. रावण थोरल्या पातीचा, टेंभा धाकट्या पातीचा, असं पूर्वीपासून ठरलेलं. आता थोरल्या पातीतला माझा चुलतभाऊ आणि धाकट्या पातीतला त्याचा भाऊबंद वनपट्ट्याच्या हद्दीवरून बोलेनासे झाले आहेत. वनहक्क कायद्याखाली दोघांनी दावे टाकले, मोजणीत मोहाचं एक झाड मधे आलं, आणि तिथून तोंडं फिरली.

यंदा दोघंही जगायला भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेले, वेगवेगळ्या. बोहाड्याला दोघंही आले. गावकीत कुणीतरी सुचवलं की टेंभा दुसऱ्या कुणाला द्यावा, हल्ली लाईट आहे, काय बिघडतं. म्हाताऱ्यांनी ऐकलं नाही. वाद मिटवा असंही त्यांनी सांगितलं नाही. टेंभा ज्याचा त्यानं धरायचा, एवढंच.

रावण निघाला. पहिल्या वळणापर्यंत टेंभेवाला गप्पच होता आणि आमचा रावण दोनदा ठेचकाळला. मग त्याचा आवाज आला, "डावीकडं दगुड." थोड्या वेळानं, "उतार हाय, हळू." रात्रभर दोघांत एवढंच बोलणं झालं, दगड, उतार आणि खड्डे. वनपट्ट्याचा दावा अजून चालू आहे आणि मोहाची फुलं यंदाही दोन्ही घरांनी वेचली, एकानं पहाटे, दुसऱ्यानं त्याच्याही आधी. पण भट्टीवर परत जायच्या टेंपोत दोघं एकत्र बसले होते. भाडं निम्मं-निम्मं पडलं म्हणे.