एक तार तुटली की सहाही प्लग विझतात : यशवंतपूरच्या रस्त्यावरील जुन्या डिझेल ट्रकचा इतिहास

पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, तुमकूर असा आलेला महामार्ग बंगळूरमध्ये शिरतो तो यशवंतपूरला. तेथील ट्रक टर्मिनल आणि बाजार समितीचे आवार यांमुळे मराठी मुलुखातील मालवाहतुकीला हे नाव सुपरिचित आहे. याच उपनगराच्या कडेला भारतीय विज्ञान संस्थेचा परिसर आहे. संस्थेची स्थापना १९०९ सालची, आणि जर्मनीत बेंझ कंपनीतील अभियंता प्रॉस्पर लोरांज याने डिझेल एंजिनातील ‘पूर्वकक्षा’चे पेटंट घेतले तेही १९०९ मध्येच. हा निव्वळ योगायोग. परंतु पुढे अर्धशतकाने त्या पूर्वकक्षाची एंजिने घेऊन ट्रक याच रस्त्याने धावू लागले आणि थंडीच्या पहाटे हटून बसू लागले.

रुडोल्फ डिझेलच्या एंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटावे, ही त्याची १८९२ च्या पेटंटातील कल्पना. १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे ती यशस्वी ठरली. बंगळूरच्या डिसेंबरातील १५ अंश सेल्सियसची हवा विसाव्या भागात दाबली, तर आदर्श गणिताने तिचे तापमान सुमारे ६८० अंश व्हायला हवे. मात्र थंड लोखंड उष्णता शोषते आणि सावकाश फिरणाऱ्या पिस्टनच्या कडेने हवा निसटते. हा तोटा धरण्यासाठी सूत्रातील घातांक १.४ ऐवजी १.२५ घेतला, की उत्तर ३३५ अंशांच्या आसपास उतरते. प्रयोगशाळेत निवांत वेळ मिळाला तर डिझेल याहून कमी तापमानालाही पेटते, पण स्टार्टर मिनिटाला १५० फेरे देत असेल तर क्रँक २० अंश फिरायला सेकंदाचा पंचेचाळिसावा भागच लागतो. तेवढ्यात थेंबांची वाफ होऊन ज्वाला धरायची असते. न जमल्यास पांढरा धूर येतो आणि बॅटरी बसते.

लोरांजच्या पूर्वकक्षामुळे इंधनफवारणीचा दाब कमी चालला, एंजिन मऊ चालू लागले आणि १९२३ मध्ये बेंझचा डिझेल ट्रक शक्य झाला. त्याची किंमत म्हणजे त्या लहानशा कक्षाचा मोठा पृष्ठभाग, जो उष्णता आणखी वेगाने खातो. म्हणून कक्षात तापणारी तार बसवावी लागली. हाच ग्लो प्लग. आपल्याकडील गॅरेजांत त्याला सर्रास ‘हीटर प्लग’ म्हणतात.

भारतात ही रचना मोठ्या प्रमाणावर आली ती १९५४ मध्ये, टेल्को आणि डाइम्लर-बेंझ यांच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनू लागले तेव्हा. त्यांतील सहा सिलिंडरांचे एंजिन पूर्वकक्षाचेच होते. त्या काळच्या मर्सिडीज घराण्यातील प्लग द्विध्रुवी असत. जाड तारेचे एक वेटोळे, त्याला साधारण एक ते दोन व्होल्ट पुरत, आणि सारे प्लग एकामागोमाग एक, म्हणजे मालेत जोडलेले. उरलेला दाब एका रोधकावर आणि चालकासमोरील जाळीदार निर्देशकावर पडे. हा निर्देशक म्हणजे प्लगांच्याच प्रवाहावर तापणारी तार. ती लाल झाली की सेल्फ मारायचा.

मालेतील जोडणीचे वैगुण्य उघड आहे: एक प्लग जळाला की सगळे थंड. पण हीच जोडणी दोष शोधणाऱ्याला अत्यंत प्रामाणिक उत्तरे देते, याकडे सहसा लक्ष जात नाही. निर्देशक मुळीच तापला नाही, तर साखळी कोठेतरी तुटली आहे. तो मंद तापला, तर एखादा सांधा गंजला आहे. आणि तो नेहमीपेक्षा झटकन, डोळे दिपवील असा पेटला, तर मधलाच एखादा प्लग एंजिनाच्या अंगाला टेकला आहे: प्रवाह तेथूनच अर्थ होतो, अलीकडच्यांना जादा मिळतो, पलीकडच्यांना काहीच नाही. चालकाच्या नजरेसमोर जणू ॲम्पियरमापकच होता!

तुटलेली जागा शोधायला टेस्ट लॅम्प पुरे. त्याची एक तार अर्थला लावावी आणि दुसरी एकेका प्लगच्या टोकाला टेकवत जावे. प्रवाहच नसल्याने तुटीच्या अलीकडे सर्वत्र बॅटरीचा पूर्ण दाब असतो, पलीकडे शून्य. दिवा जेथे विझतो, त्याच्या लगेच आधीचा दुवा दोषी.

गंजलेला सांधा अधिक फसवा. मालेतून ४० ॲम्पियर वाहत असताना ०.०५ ओहमचा सांधा २ व्होल्ट गिळतो आणि ८० वॉट उष्णता स्वतःच फेकतो. प्लग कोमट, स्क्रू गरम. मल्टिमीटरने हा रोध मोजायला गेल्यास मीटरच्या तारांचाच रोध त्याहून जास्त भरतो. यावरची युक्ती विल्यम थॉमसनची, म्हणजे नंतरच्या लॉर्ड केल्विनची. तारायंत्राच्या केबलींचे तांबे पारखताना सूक्ष्म रोध मोजण्याची अडचण त्याला भेडसावत होती. १८६१ च्या सुमारास त्याने प्रवाह नेणारे सांधे वेगळे आणि दाब मोजणारे वेगळे ठेवले. वायरमन प्लग चालू ठेवून एकाच सांध्याच्या दोन्ही बाजूंना व्होल्टमीटर लावतो, तेव्हा तो केल्विनचीच पद्धत वापरत असतो. ही मोजणी प्रवाह वाहत असतानाच अर्थपूर्ण ठरते, एवढे मात्र पाळावे लागते.

ते न पाळल्याचा फटका पुढच्या पिढीत अधिक बसला. १९८० च्या सुमारास मर्सिडीजने पेन्सिलसारखे प्लग समांतर जोडले. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत बसवलेले वेटोळे आणि वर धातूची नळी, प्रत्येकाला पूर्ण बॅटरी. आता एक जळाला तरी बाकीचे तापतात आणि एंजिन लंगडत सुरू होते. दोष आठवडेच्या आठवडे लपून राहतो. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने ‘ट्रॅक्स’मध्ये वापरलेले मर्सिडीजचे ओएम ६१६ एंजिन पूर्वकक्षाचेच. अशा समांतर जोडणीत पट्टी-फ्यूजला केसाएवढी चीर गेली, तर भार नसताना मीटर पलीकडेही १२ व्होल्ट दाखवतो. तो आकडा खराही असतो, कारण मीटर जवळजवळ प्रवाहच घेत नाही. प्लगांनी प्रत्येकी दहा-वीस ॲम्पियर मागितले की तोच दाब कोसळतो. अशा वेळी निर्दोष इंधनपंप उघडला जातो आणि फुकटचा खर्च मालकाच्या माथी बसतो. भार चालू ठेवून क्लॅम्प मीटरने प्रत्येक तारेचा प्रवाह पाहिला, तर कोणता प्लग गप्प आहे हे मिनिटभरात कळते.

मोठ्या ट्रकांपुरता हा प्रश्न निराळ्याच वाटेने सुटला. डाइम्लर-बेंझने १९६४ मध्ये ओएम ३५२ हे थेट फवारणीचे एंजिन आणले; त्यात पूर्वकक्ष नाही, उष्णता गिळणारा पृष्ठभाग कमी, म्हणून साध्या थंडीत प्लगची गरजच नाही. भारतीय अवजड ट्रकही यथावकाश त्याच वाटेने गेले. बंगळूरच्या पहाटेला अशा एंजिनाला आतल्या हवेची उष्णता पुरते. फार थंड मुलुखासाठी आत येणारी हवा तापवणारी जाळी बसवतात, आणि तिच्याही जाड तारेचा सांधा गंजतोच.