शंकरपटाचा बैल : ताकद, खुराक आणि दमसास

विदर्भात सुगीनंतर होणाऱ्या बैलजोड्यांच्या शर्यतीला शंकरपट किंवा नुसते पट म्हणतात. इथला सगळा कापूसपट्टा पटाचाच मुलूख; त्यात अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट विशेष गाजलेला. हलक्या गाडीवर एकटा धुरकरी (जोडी हाकणारा) असतो, जोडी घड्याळाशी धावते आणि निकाल सेकंदाच्या अंशावर लागतो. इथल्या बैलांपैकी वर्ध्याकडची गवळाऊ जात सडपातळ आणि चालीला चपळ.

धाव काही सेकंदांची असल्याने तिचे इंधनही निराळे. पहिली झेप स्नायूंतल्या क्रिएटिन फॉस्फेटवर निघते. पुढे ग्लायकोजेन ऑक्सिजनवाचून मोडते आणि लॅक्टेट साचते. ऑक्सिजनची ही उधारी धाव संपल्यावर फेडावी लागते : नाकपुड्या फुललेल्या, कुशी भात्यासारख्या वरखाली. त्या किती वेळात शांत होतात, यावरून जोडीची तयारी कळते.

घोड्याशी तुलना इथे अटळ आहे. शर्यतीचा घोडा धावताना प्लीहेतला तांबड्या पेशींचा साठा रक्तात सोडतो. त्याचे हृदय मिनिटाला ३०-४० ठोक्यांवरून २२० च्या पुढे जाते. बैलाची घडण ओढकामाची. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा हा शरीररचनेचा मुद्दाही निकालात होता. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा बदलला, १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो बदल वैध ठरवला. काठी, चाबूक, विजेचा झटका यांना मनाई आहे.

खुराकाबाबत मात्र हौसच जास्त चालते. बैल रवंथ करणारा. चारा-दाणा आधी पोटाच्या मोठ्या कप्प्यात आंबतो, त्यातून आम्ले बनतात आणि यकृत त्यांतल्या एकापासून साखर घडवते. म्हणून पटाच्या आदल्या रात्री चारलेला जादा दाणा सकाळी पायांत उतरत नाही. उलट पोटात आम्ल वाढून बैल चारा सोडतो, कधी बसतोही. महिनोन्‌महिन्यांची कडबा-ढेप, रोजची चाल आणि दोन पटांमधली विश्रांती हीच खरी शिदोरी.

धावून आलेली जोडी लगेच खुंट्याला बांधू नये. हळूहळू चालवत ठेवली, की स्नायूंतला रक्तप्रवाह टिकतो आणि लॅक्टेट लवकर ओसरते.