गाडी किती बसते?

महंमद तुघलकाने 1327 साली दिल्लीची माणसं आमच्या शेजारच्या देवगिरीला आणली, त्याबद्दल इतिहासकारांनी त्याला पुष्कळ नावं ठेवली आहेत. पण त्या काळच्या बैलगाड्यांना स्प्रिंगा नव्हत्या, ह्या मुद्द्याकडे कुणाचं लक्ष नाही. लोकांचा राग राजधानी हलल्याचा होता की कंबर हलल्याचा, हे एकदा तपासायला हवं.

मोटारसायकलवाल्यांनीही बैलगाडीची ही परंपरा बराच काळ चालवली. पुढच्या चाकाला स्प्रिंग असे. मागचं चाक मात्र सरळ सांगाड्याला आवळलेलं. रॉयल एनफील्डच्या बुलेटला 1949 साली मागे झुलता दांडा आणि दोन शॉकअप आले. तीच बुलेट 1955 पासून मद्रासला जुळू लागली. आमच्या संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, हे सुख घरचं झालं ते 1985 नंतर. त्या वर्षी वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी ॲल्युमिनियमचे ओतीव भाग करणारा एक लहान उद्योगही इथे निघाला. तो म्हणजे आजची एन्ड्युरन्स. पुढे ती शॉकअपही करू लागली.

आता शॉकअपच्या गावात तरी गाडी मोजून लावत असतील, असं तुम्हाला वाटेल. छे हो!

मोजायचं तरी काय? गाडी किती बसते ते. मेन स्टँडवर मागचं चाक अधांतरी असताना आसापासून वर शेपटाच्या एका खुणेपर्यंत टेप लावायची. मग गाडी खाली उतरवून, स्वाराला हेल्मेटसकट बसवून पुन्हा मोजायचं. दोन्हींतला फरक म्हणजे गाडीचं बसणं. चाकाची चाल 100 मिलिमीटर असेल तर हा फरक साधारण 30 च्या आसपास असावा. जास्त बसली तर खड्ड्यासाठी चाल उरत नाही. अजिबात बसली नाही तर चाक खड्ड्यात उतरायलाच तयार नसतं. शर्यतवाल्यांना हे चांगलं कळतं. 1973 साली लुसियाँ टिल्केन्स ह्या बेल्जियन इंजिनिअरची एकाच शॉकअपची युक्ती यामाहाने शर्यतीत आणली. पुढे त्या गाड्यांची चाकं फूटभर खालीवर होऊ लागली, तेव्हा टेपेशिवाय इलाजच राहिला नाही.

आपल्या शॉकअपच्या तळाशी खाचांचं एक कडं असतं. हुकासारख्या पान्याने ते फिरवलं की गाडी वर उचलते. स्प्रिंग कडक होते असा सार्वत्रिक समज आहे, तो खोटा. स्प्रिंग तीच, फक्त आधीपासून दाबलेली. पण खाच ठरवायची कुणाच्या वजनावर? सकाळी वाळूजला एकटा जाणारा गृहस्थ संध्याकाळी गुलमंडीतून बायको, दोन मुलं आणि पाच किलो कांदे घेऊन निघतो. शेपूट बसतं, पुढचं चाक हलकं होतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत. कडं मात्र शोरूममधून आलं त्याच खाचेवर, चिखलाने सारवलेलं.

ते फिरवायला दोन मिनिटंही लागत नाहीत. मागे बसणारीचं वजन जवळजवळ सगळं त्या दोन शॉकअपांवर असतं, म्हणून खड्डा तिलाच आधी कळतो. पण तिच्या वाट्याला एवढंच येतं: “नीट धरून बस गं!”