सुई आणि सैनिक

चिखल्याच्या खाणीत मँगनीज निघते. मँगनीज मिसळले की पोलाद चिवट होते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश शिपायांची शिरस्त्राणे अशाच पोलादाची होती. शिरस्त्राणाने डोके वाचते, पण लढाई संपल्यावर वर्षानुवर्षे ठणकणाऱ्या पाठीचे आणि गुडघ्याचे काय? या ठणक्यावर चिनी सुईचा उपाय हल्ली निवृत्त सैनिकांवर होतो. ती सुई आपल्याकडे कोणत्या वाटेने आली, हे आम्हांस सांगावयाचे आहे.

१९३८ साली जपानशी झुंजणाऱ्या चीनने मदत मागितली, तेव्हा काँग्रेसने पाच डॉक्टर धाडले: अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. त्यांतले चोळकर आपल्या नागपूरचे, कोटणीस सोलापूरचे. लुधियानात कोटणीसांच्या नावाचे ॲक्युपंक्चर रुग्णालय आहे. त्यामुळे सुई त्यांनीच आणली, असा समज सहज होतो. तो खरा नाही. कोटणीस शल्यवैद्य होते. जखमी शिपायांवर त्यांचा हात चालला तो शस्त्राने, आणि तिथेच ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२व्या वर्षी, त्यांचा अंत झाला. एवढ्या मोठ्या माणसाला उसन्या श्रेयाची गरज काय?

सुई आणली ती विजयकुमार बसूंनी, आणि तीही युद्धकाळात नव्हे. १९४३ साली मायदेशी परतलेले बसू १९५० नंतरच्या दशकात पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि कलकत्त्यात रोग्यांवर वापरू लागले.

सैनिकांसाठी म्हणून तिचा खास उपयोग मात्र अमेरिकेत झाला. २००१ साली तेथील हवाई दलाचे डॉक्टर निमत्झो यांनी कानावर पाच जागी बारीक सुया टोचण्याची पद्धत बसविली. अफूजन्य वेदनाशामकांचे व्यसन जडू लागल्याने निवृत्त सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांनीही सुईला जागा दिली. गुण किती? दुखणे काहीसे हलके होते, हे खरे. पण कित्येक चाचण्यांत खोट्या सुईनेही जवळजवळ तितकाच आराम पडला, हेही खरे. तुटलेली नस मात्र सुईने जुळत नाही.

पश्चिम बंगालने १९९६ साली या उपचाराचा कायदा केला, पुढे महाराष्ट्रानेही केला. आपल्या तुमसर तालुक्यातला एखादा निवृत्त जवान सुई टोचून घ्यावयास निघालाच, तर त्याने उपचारकाची नोंदणी विचारावी आणि सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडावयास सांगावे.