शालूच्या मागावर ल्हासाचा ड्रॅगन

मराठी घरात लग्नाची खरेदी निघाली की बनारसी शालूचे नाव निघतेच. ज्या बनारसच्या हातमागांवर हा शालू उतरतो, तिथेच रेशीम आणि जर वापरून आणखी एक कापड विणले जाते. त्याचे नाव ग्यासर. हे कापड लडाख, सिक्कीम, भूतान, नेपाळ इथल्या बौद्ध मठांत जाते. थांका चित्राभोवतीची भरजरी चौकट, लामांचे समारंभी पोशाख, वेदीवरचे आच्छादन, सारे याचेच.

तिबेटला अशा रेशमाची गोडी लावली ती चीनने. तिथले किनखाप शतकानुशतके ल्हासाला येत होते. 1904 मध्ये यंगहजबंडच्या ब्रिटिश फौजेने ल्हासा गाठले आणि झालेल्या करारानुसार ग्यान्त्से, गार्तोक इथे व्यापारपेठा उघडल्या. 1911 च्या क्रांतीनंतर चीनची बादशाही कोसळली. इकडे कालिम्पाँग, जेलेप ला खिंड, चुंबी खोरे हा रस्ता गजबजू लागला. खेचरांवरून तिबेटची लोकर खाली यायची आणि कापडाचे गठ्ठे वर जायचे. काठमांडूच्या नेवार व्यापाऱ्यांच्या पेढ्या तर ल्हासात कितीतरी आधीपासून होत्या.

तिबेटची रेशमाची मागणी आता बनारसकडे वळली. तिथल्या विणकरांनी ही गिऱ्हाइकी पेलली कशी, हे खरोखर पाहण्यासारखे आहे.

मदनपुरा, पीलीकोठी, अलईपुरा या मोहल्ल्यांतले बहुतेक विणकर अन्सारी मुसलमान. ड्रॅगन, कमळ, शंख, मत्स्ययुगुल, धर्मचक्र ही चिन्हे त्यांच्या घरातली नव्हेत. चिनी वाणाचे नमुने समोर ठेवून नक्शाबंदाने, म्हणजे मागासाठी नक्षी बांधणाऱ्या कारागिराने, ती दोऱ्यांच्या जाळ्यात बांधली. पुढे मागावर जकार्ड यंत्र आल्यावर पंचकार्डांवर उतरवली. विणकर खड्ड्यात पाय सोडून मागावर बसतो. कितीतरी वेळा कापडाची उलटी बाजू त्याच्याकडे असते आणि सुलटी खाली. जरीच्या छोट्या कांड्या एकेका बुट्टीपाशी फिरवत तो ड्रॅगनचे खवले भरतो, आणि त्याला दिसतात ते मागचे सुटे धागेच. परक्या धर्माची चिन्हे इतक्या निगुतीने विणणाऱ्या या हातांपुढे नतमस्तक व्हावेसे वाटते.

पुढे सीमाच बंद झाली. भारत-चीन यांच्यातला 1954 चा तिबेटविषयक व्यापार करार जून 1962 मध्ये संपला, त्याच वर्षी युद्ध झाले आणि खिंडी मिटल्या. त्याआधीच, 1959 मध्ये, दलाई लामा आणि हजारो तिबेटी भारतात आले होते. ल्हासाचा उमराव गिऱ्हाईक गेला, पण नवे मठ धरमशाला, बायलकुप्पे, मुंडगोड इथे उभे राहिले आणि त्यांना ग्यासर लागतेच. 1967 मध्ये बनारसजवळच्या सारनाथला तिबेटी उच्च शिक्षणाची केंद्रीय संस्था सुरू झाली. बाजारपेठ बनारसच्या वेशीपाशी येऊन पोचली.

शेजारी देशांतला व्यापार वाढावा म्हणून नंतर बरेच झाले. भूतानशी 1972 पासून मुक्त व्यापार आहे. दक्षिण आशियाचा साफ्टा हा मुक्त व्यापार करार 2006 मध्ये लागू झाला, त्याच वर्षी जुलैत तिबेटकडे जाणारी नथु ला खिंड उघडली, पण मोजक्याच मालासाठी. विणकरांसाठीही काही झाले. 2009 मध्ये बनारसी किनखाप आणि साडीला भौगोलिक मानांकन मिळाले. 2017 मध्ये बडा लालपूरला दीनदयाल हस्तकला संकुल सुरू झाले. ही कामे मोलाची आहेत. पण विणकर आणि मठ यांच्यात आजही काम देणारा गिरस्ता, माल घेणारा गद्दीदार, काठमांडूचा दुकानदार अशी साखळी आहे. यंत्रमागावरचे स्वस्त कापड त्याच मठांच्या दारात पोचते, तेव्हा हातमागाचा माल ओळखायचा कसा, हे गिऱ्हाइकाला सांगायला विणकर तिथे नसतो. निर्यातीची तयारी म्हणजे कागदपत्रे आणि प्रदर्शने एवढेच धरले, तर हे अंतर कायम राहील. ग्यासरच्या विणकराला मठापर्यंत नेणे, मठाची मागणी त्याच्या मोहल्ल्यात आणणे, हे काम आधी व्हायला हवे.

काशीला शालू घ्यायला गेलात तर दुकानदाराला ग्यासरचा एखादा तुकडा दाखवायला सांगा. तो उलटा करून पाहा. विणकराला दिवसभर दिसते ती बाजू तुम्हालाही दिसेल.